बॅटलशिपचा कॅप्टन उभा कुठे राहायचा?

दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटलशिपचा फोटो पाहताना नजर आधी तोफांवर जाते, मग त्यांच्यामागे उंच गेलेल्या पोलादी मनोऱ्यावर. त्या मनोऱ्यात मजले, गॅलऱ्या, खिडक्या, दुर्बिणी आणि अँटेना इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की हे सगळं कुणी विचारपूर्वक रचलं असेल यावर विश्वास बसत नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक मजला एकाच प्रश्नापोटी आला आहे. लढाई चालू असताना हुकूम देणाऱ्या माणसाने उभं कुठे राहायचं?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्या माणसाला समुद्र, शत्रू आणि आपल्या ताफ्यातली बाकीची जहाजं दिसायला हवीत, म्हणजे तो उंचावर आणि मोकळ्या जागी हवा. पण तो मेला तर हजार-दीड हजार माणसांचं जहाज ऐन लढाईत निर्नायकी होणार, म्हणून तो जाड पोलादाच्या आडही हवा. पोलादाला मोठ्या खिडक्या ठेवल्या तर त्यांतून मरण आत येतं, आणि खिडक्या बुजवल्या तर आतला माणूस आंधळा होतो. जगातल्या आरमारांनी या पेचावर ऐंशी वर्षं डोकं लढवलं, आणि प्रत्येकाने आपापलं वेगळं उत्तर काढलं.

मागच्या डेकवरून मधल्या पुलावर

शिडाच्या जहाजांच्या काळात हा पेच नव्हता. कॅप्टन जहाजाच्या मागच्या भागात, उघड्या डेकवर उभा राहायचा. सुकाणूचं चाक तिथेच होतं आणि समोर सगळी शिडं दिसायची. मुंबईच्या गोदीत बांधलेली 84 तोफांची ‘एशिया’ 1827 साली नव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनची ध्वजनौका होती, तिच्यावरही हीच रीत. वाफेची इंजिनं आली आणि मधोमध धुराडं उभं राहिलं, तेव्हा मागून पुढचं दिसेना. सुरुवातीच्या आगबोटींना दोन्ही कुशींवर मोठी वल्हेचाकं असत. त्यांच्या पेट्यांवर आडवा पूल टाकून अधिकारी त्यावर उभे राहू लागले. चाकं जाऊन पंखे आले तरी तो आडवा पूल राहिला, आणि त्याचाच पुढे ब्रिज झाला.

मग जहाजांना चिलखत चढलं. 9 मार्च 1862 रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या दोन चिलखती जहाजांची गाठ पडली. ‘मॉनिटर’चा कॅप्टन जॉन वॉर्डन पुढच्या टोकाला एका छोट्या लोखंडी खोलीत होता आणि बारीक फटीतून बाहेर बघत होता. तोफा होत्या मागच्या फिरत्या बुरुजात. दोघांना जोडणारी बोलण्याची नळी लढाईच्या सुरुवातीलाच तुटली, आणि मग दोन माणसं निरोप घेऊन मागे-पुढे धावत राहिली. पुढे एक गोळा नेमका त्या फटीवर फुटला. वॉर्डनच्या डोळ्यांत दारू आणि लोखंडाचा चुरा गेला, त्याला दिसेनासं झालं. बुरुजात असलेल्या सॅम्युएल ग्रीन या दुय्यम अधिकाऱ्याकडे सूत्रं गेली, पण ती जाईपर्यंतच्या वेळात जहाज लढाईतून बाजूला सरकलं होतं. पुढच्या ऐंशी वर्षांत जे जे बिघडणार होतं, ते बहुतेक सगळं या एका सकाळी घडून गेलं.

चिलखती बुरुजाचं आकर्षण

तरी आरमारांनी लोखंडी खोलीचा नाद सोडला नाही. उलट ती जाड होत गेली. तिला कॉनिंग टॉवर म्हणतात. ब्रिजच्या पायथ्याशी उभा केलेला जाड पोलादाचा लंबगोल बुरूज, आत सुकाणूचं चाक, इंजिनाला हुकूम द्यायची यंत्रं, टेलिफोन, आणि बाहेर बघायला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी. आपल्या किल्ल्यांच्या तटात बंदूक रोखण्यासाठी जंग्या असतात, त्या पाहिल्या असतील तर या फटींतून जगाचा केवढा तुकडा दिसत असेल याचा अंदाज येईल. फरक एवढाच की जंगीमागच्या शिपायाला एकच वाट राखायची असते, कॅप्टनला मात्र चारी दिशा हव्या असतात.

रशिया-जपान युद्धात या बुरुजांची खरी परीक्षा झाली. 10 ऑगस्ट 1904 रोजी पीत समुद्रातल्या लढाईत ‘त्सेसारेविच’ या रशियन ध्वजनौकेच्या ब्रिजवर आणि कॉनिंग टॉवरवर 12 इंची गोळे आदळले. ॲडमिरल वित्गेफ्त मारला गेला. बुरुजाच्या आत सुकाणूवरचा माणूस गेला आणि चाक एका बाजूला अडकून बसलं. जहाज गोल फिरू लागलं. मागची जहाजं काही वेळ समजत राहिली की ही ॲडमिरलचीच चाल आहे, आणि रांगेचा पार विचका झाला. पुढच्या वर्षी 27 मे 1905 ला त्सुशिमाला ‘सुवोरोव’वर पुन्हा तेच. बुरुजाच्या फटी गरजेपेक्षा रुंद होत्या, त्यांतून कपच्या आत शिरल्या आणि ॲडमिरल रोझेस्तवेन्स्की जखमी झाला. पोलाद भेदावं लागलं नाही, फट पुरेशी होती.

त्याच दिवशी समोरच्या बाजूला ॲडमिरल तोगो ‘मिकासा’च्या ब्रिजच्या माथ्यावर, होकायंत्राशेजारी, उघड्यावर उभा होता. ‘मिकासा’वर त्या दिवशी तीसहून जास्त गोळे पडले. तोगो वाचला तो नशिबाने, हे स्पष्ट आहे. पण जिंकलेल्या माणसाच्या नशिबाला लोक पद्धत समजतात. उघड्यावर उभं राहणं हाच नेतृत्वाचा धर्म, ही समजूत तिथून पक्की झाली. ‘मिकासा’ आजही जपानच्या योकोसुकात जतन केलेली आहे आणि तोगो उभा राहिला ती जागा चढून बघता येते.

ब्रिज म्हणजे एक खोली नव्हे

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिजच्या पोटात काय काय आलं, ते ब्रिटिश जहाजावरून समजून घेणं सोपं. वरच्या बाजूला, चारी दिशांना नजर पोचेल अशी, कंपास प्लॅटफॉर्म नावाची जागा. मधोमध होकायंत्र, भोवती कॅप्टन, दिशा सांभाळणारा नेव्हिगेटर, पाळीवरचा अधिकारी, निशाणांचा आणि दिव्यांचा हवालदार, आणि दुर्बिणी लावून बसलेली कोवळी पोरं. होकायंत्र मधोमध का, याचं उत्तर 31 मे 1916 च्या, ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांमधल्या जटलंडच्या लढाईत आहे. शत्रूचा ताफा धुक्यात आणि धुरात, नेमका कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ॲडमिरल जेलिकोला आपल्या 24 बॅटलशिप एका रांगेत पसरायच्या होत्या. डावीकडे की उजवीकडे? तो ‘आयर्न ड्यूक’च्या होकायंत्राशी गेला आणि वीसेक सेकंद न बोलता नुसता तबकडीकडे बघत राहिला. मग डावीकडचा हुकूम दिला. तो बरोबर ठरला. त्या वीस सेकंदांत त्याला दिशा, वारा आणि उजेड एका नजरेत हवे होते, आणि ते मिळणारी जागा जहाजावर एवढीच होती.

खालच्या मजल्यावर ॲडमिरलचा ब्रिज. तो वेगळा का, असं अनेकांना वाटतं. कॅप्टन जहाज चालवतो, ॲडमिरल ताफा चालवतो. एकाच जागी दोघं उभे राहिले तर दोन प्रकारचे हुकूम एकमेकांत मिसळतात, आणि ॲडमिरलला कॅप्टनच्या कामात बोट घालायचा मोह होतो तो वेगळाच. अर्थात माणसं नकाशाप्रमाणे वागतातच असं नाही. 28 मार्च 1941 च्या रात्री मॅटापानच्या लढाईत ॲडमिरल कनिंगहॅम ‘वॉरस्पाइट’वर आपली जागा सोडून वर कॅप्टनच्या ब्रिजवर गेला, कारण तिथून चहूकडे नीट दिसत होतं. तिथेच त्याच्या चीफ ऑफ स्टाफने, एडेलस्टेनने, साध्या दुर्बिणीतून अंधारात इटलीच्या क्रूझर ओळखल्या. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पुढच्या काही मिनिटांत ‘झारा’ आणि ‘फ्यूमे’ जळत होत्या.

त्याखाली नकाशांची खोली आणि प्लॉटिंगची खोली. प्लॉटिंगच्या टेबलाच्या काचेवर कागद अंथरलेला असे आणि खालून प्रकाशाचा एक ठिपका जहाजाच्या वेगाने आणि दिशेने आपोआप सरकत राही. मुलं पेन्सिलने त्या ठिपक्याचा माग काढत आणि शत्रूच्या खबरा त्यावर मांडत. वर उभ्या असलेल्यांना समुद्र दिसायचा, खालच्यांना लढाईचा आकार.

सुकाणू धरणारा मात्र वर नसे. ब्रिटिश बॅटलशिपमध्ये तो खाली, चिलखताच्या आड बंद जागेत असे आणि त्याला समुद्र अजिबात दिसत नसे. समोर होकायंत्राची तबकडी, कानाशी व्हॉइस पाइपचं तोंड. ही साधी पितळी नळी. वरून कॅप्टनने सांगितलं की खालचा माणूस तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे वर कळायचं की हुकूम पोचला. टेलिफोन होते, तरी नळी काढली नाही, कारण वीज गेली तरी नळी बोलते.

मनोरा उंच का, तर पृथ्वी गोल आहे म्हणून. पाण्यापासून 10 मीटर उंचीवरून क्षितिज साधारण 11-12 किलोमीटरवर असतं, 40 मीटरवरून ते 23 किलोमीटरच्या आसपास जातं. समोरच्या जहाजाच्या डोलकाठ्या त्याही पलीकडून दिसू लागतात. तोफांचा पल्ला वाढला तशी आपले गोळे कुठे पडताहेत हे बघायची गरज वाढली, आणि अंतरमापक मनोऱ्याच्या टोकावर गेला. जपान्यांनी जुन्या जहाजांच्या डोलकाठ्यांवर मजल्यावर मजले चढवले, एक शोधदिव्यांसाठी, एक दुय्यम तोफांसाठी, एक विमानांवर नजर ठेवायला. ‘फुसो’चा मनोरा पाण्यापासून चाळीस मीटरच्या वर गेला. फोटोत तो आत्ता कोसळेल असा दिसतो.

आणि धुराडं विसरून चालत नाही. 1906 साली आलेल्या ‘ड्रेडनॉट’मध्ये निरीक्षणाची डोलकाठी पुढच्या धुराड्याच्या मागे ठेवली गेली. जहाज वेगात निघालं की धूर आणि उष्णता सरळ वरच्या माणसांच्या तोंडावर. जगात क्रांती म्हणून गाजलेल्या जहाजाची ही चूक पाहिली की पटतं, ब्रिजची आखणी केवळ चिलखताचा हिशेब नव्हता. वारा, धूर, आपल्याच तोफांचा हादरा, सगळं त्यात धरावं लागे. ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ यांच्या तिन्ही मोठ्या तोफबुरुजांची जागा ब्रिजच्या पुढे होती. त्या तोफा फार मागे वळवून झाडल्या की स्फोटाच्या दाबाने स्वतःच्याच ब्रिजवर मोडतोड व्हायची.

ब्रिटिशांनी भिंत पातळ केली

पहिल्या महायुद्धातून ब्रिटिशांनी एक गोष्ट टिपली होती. कॉनिंग टॉवर असूनही कॅप्टन आत जात नाहीत. ‘हूड’चा कॉनिंग टॉवर 11 इंच जाड आणि 600 टनांहून जड होता, तरी 24 मे 1941 च्या सकाळी जर्मन बॅटलशिप ‘बिस्मार्क’शी लढताना ॲडमिरल हॉलंड आणि कॅप्टन कर दोघेही वर कंपास प्लॅटफॉर्मवरच होते. ‘हूड’ काही मिनिटांत स्फोटाने दुभंगली. 1418 माणसांपैकी तिघंच वाचले, आणि त्या तिघांपैकी टेड ब्रिग्ज आणि विल्यम डंडस हे दोघे कंपास प्लॅटफॉर्मवरचे.

वापरच होत नाही तर शेकडो टन पोलाद इतक्या उंचीवर वाहायचं कशाला, असा विचार करून नव्या ‘किंग जॉर्ज पंचम’ वर्गात ब्रिटिशांनी कॉनिंग टॉवरची भिंत तीन-चार इंचांवर आणली. कपच्या अडाव्यात एवढंच. त्याच सकाळी या वर्गातली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ‘हूड’च्या मागोमाग होती. ‘बिस्मार्क’चा 15 इंची गोळा तिच्या कंपास प्लॅटफॉर्ममधून आरपार गेला. तो तिथे नीट फुटलासुद्धा नाही, तरी तिथली बहुतेक माणसं जागीच गेली. खाली प्लॉटिंगच्या खोलीत व्हॉइस पाइपमधून कागदावर रक्त ठिबकू लागलं. हुकूम वाहून आणणाऱ्या नळीतूनच खालच्या पोरांना वर काय झालं ते कळलं. कॅप्टन जॉन लीच बधिर होऊन पडला होता, पण जिवंत होता. त्याने जहाज लढाईतून काढलं.

जर्मनांचा मार्ग उलटा. ‘बिस्मार्क’च्या पुढच्या कॉनिंग टॉवरची भिंत 35 सेंटीमीटर. शिवाय मागे दुसरा, बराच पातळ. आत सुकाणूचं चाकसुद्धा नव्हतं, बटणं दाबून जहाज वळवायचं. तीनच दिवसांनी, 27 मे रोजी, ‘रॉडनी’च्या 16 इंची गोळ्यांनी पुढचा सगळा भाग लढाईच्या सुरुवातीलाच निकामी केला. तोफांचं नियंत्रण मागच्या केंद्राकडे गेलं. तिथे होता म्युलेनहाइम-रेखबर्ग. काही मिनिटांत त्याचं यंत्रही गोळ्याने उडालं. वाचलेल्यांत सर्वांत वरिष्ठ अधिकारी तोच.

मग खरं कोण? माझं मत असं, की भिंतीच्या जाडीचा वाद थोडा भरकटलेला आहे. समोरून 15-16 इंची गोळे येत असतील तर पातळ भिंत काय आणि जाड काय, उंचावरची जागा कधी ना कधी उद्ध्वस्त होणारच. जहाज वाचायचं ते हुकूम घ्यायला दुसरी जागा आणि दुसरा माणूस तयार असला तर. याची सर्वांत चांगली उदाहरणं बॅटलशिपपेक्षा लहान क्रूझरवर मिळतात.

13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन ‘ग्राफ श्पे’चा 11 इंची गोळा ‘एक्झिटर’ या ब्रिटिश क्रूझरच्या पुढच्या एका तोफबुरुजावर फुटला. कपच्यांनी मागचा ब्रिज झोडपून काढला. कॅप्टन बेल आणि एक-दोघं सोडून सगळे गेले. चेहऱ्यावर जखमा घेऊन बेल मागच्या नियंत्रण-जागेवर गेला. तिथले टेलिफोन बंद, होकायंत्रं फुटलेली. त्याने लहान होडीतलं होकायंत्र आणवलं, खलाशांची साखळी उभी केली आणि तोंडातोंडी हुकूम सुकाणूपर्यंत पोचवत लढत राहिला.

त्याच लढाईतल्या ‘अकिलीज’शी आपलं नातं आहे. तिच्यावरही कपच्या आल्या, तोफांच्या नियंत्रण-मनोऱ्यात माणसं मेली, ब्रिजवर कॅप्टन एडवर्ड पॅरीच्या पायांना जखमा झाल्या. 1948 साली भारताने हीच क्रूझर विकत घेतली आणि ती ‘दिल्ली’ झाली. त्याच वर्षी पॅरी भारतीय आरमाराचा प्रमुख म्हणून आला आणि 1951 पर्यंत राहिला. स्वतः जखमी होऊन ज्या ब्रिजवर तो उभा राहिला होता, ते जहाज आता त्याच्या हाताखालच्या आरमाराची ध्वजनौका होतं. 1978 मध्ये ते मुंबईत मोडीत निघालं. तो ब्रिज जपायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

रात्र, रडार आणि खालची खोली

1942 च्या नोव्हेंबरात प्रशांत महासागरातल्या ग्वादालकॅनाल बेटाजवळच्या दोन रात्रींनी ब्रिजचं महत्त्वच हलवलं. 13 तारखेच्या काळोखात दोन्ही ताफे अक्षरशः एकमेकांत घुसले. ‘लॅफी’ ही अमेरिकन विनाशिका जपानी बॅटलशिप ‘हिएई’च्या इतकी जवळून गेली की बॅटलशिपच्या मोठ्या तोफा तिच्यावर खाली वळेनात. ‘लॅफी’ने मशीनगननी ‘हिएई’चा मनोरा झोडपला. ॲडमिरल आबे जखमी झाला, त्याचा चीफ ऑफ स्टाफ मेला. बॅटलशिपच्या डोक्याला विमानविरोधी 20 मिलिमीटरच्या गोळ्या पुरल्या. तिकडे ‘सॅन फ्रान्सिस्को’ या अमेरिकन क्रूझरच्या ब्रिजवर ॲडमिरल कॅलहन मारला गेला, कॅप्टन यंगही प्राणांतिक जखमी झाला, आणि लेफ्टनंट कमांडर मॅककँडलेसने जहाज हातात घेतलं. त्या ब्रिजचे गोळ्यांनी चाळण झालेले भाग सॅन फ्रान्सिस्को शहरात समुद्राकाठी स्मारक म्हणून उभे आहेत.

दुसऱ्या रात्री अमेरिकन बॅटलशिप ‘साउथ डकोटा’ची वीज गेली आणि तिच्या वरच्या भागावर पंचवीसहून अधिक गोळे पडले. रडार आणि रेडिओच्या तारा तुटल्या. जहाज बुडण्याजोगं फुटलं नव्हतं, पण आंधळं आणि मुकं झालं होतं. त्याच वेळी ‘वॉशिंग्टन’वरच्या ॲडमिरल लीने रडारच्या आकड्यांवर विसंबून साडेसात किलोमीटरच्या आसपास अंतरावरून जपानी बॅटलशिप ‘किरिशिमा’ निकामी केली. लीला रडारची उत्तम जाण होती, आणि रडारचा पडदा बघायला उंच जागा लागत नाही, अंधारी खोली लागते.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या प्रशांत ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल निमित्झने हुकूम काढला की प्रत्येक जहाजावर सगळ्या खबरा एकत्र करणारं केंद्र हवं. यातूनच कॉम्बॅट इन्फर्मेशन सेंटर म्हणजे सीआयसी आलं. रडार, रेडिओ, टेहळे, सगळ्यांची माहिती एका खोलीत, उभ्या पारदर्शक फळ्यांवर मांडलेली. आता कॅप्टनपुढे नवा पेच. वर राहून डोळ्यांनी बघायचं, की खाली बसून चित्र वाचायचं? अनेक अमेरिकन जहाजांनी कामं वाटून घेतली, कॅप्टन ब्रिजवर आणि दुय्यम अधिकारी सीआयसीत. यात हुकूम घ्यायला दुसरी जागा आणि दुसरा माणूस आपोआप तयार झाला.

जपानच्या ‘यामातो’वर मात्र जुनं सगळं टोकाला गेलेलं दिसतं. दिवसाच्या लढाईसाठी वरचा ब्रिज, रात्रीसाठी त्याच्या खालचा, 50 सेंटीमीटर जाडीचा कॉनिंग टॉवर, आणि माथ्यावर साडेपंधरा मीटर लांबीचा अंतरमापक. 7 एप्रिल 1945 रोजी शेकडो अमेरिकन विमानं आली, तेव्हा कॅप्टन आरुगा वर विमानविरोधी नियंत्रणाच्या उघड्या मजल्यावर होता, कारण आभाळ तिथूनच दिसत होतं. जगातलं अजस्र कॉनिंग टॉवर त्याच्या पायाखाली होतं, पण विमानांच्या टॉर्पेडोंपुढे ते कशाच्या कामाचं?

अमेरिकनांनी ‘आयोवा’ वर्गात कॉनिंग टॉवर ठेवला, 17.3 इंच म्हणजे जवळजवळ 44 सेंटीमीटर जाड, आणि मोकळा ब्रिज त्याच्याभोवती गुंडाळला. सुकाणूचं चाक बुरुजाच्या आत, कॅप्टन बाहेर खिडक्यांशी किंवा दोन्ही बाजूंच्या सज्जांवर. त्या सज्जांची गरज पनामा कालव्यात कळते. जहाजाची रुंदी 33 मीटर, आणि जहाजं वर-खाली नेणारे कालव्यातले दरवाजाबंद हौद साडेतेहेतीस. दोन्ही कुशींना हातभरसुद्धा जागा नाही, तेव्हा कडेला उभं राहून भिंत बघत बघतच जहाज न्यावं लागे. 1980 च्या दशकात या जहाजांवर क्षेपणास्त्रं चढली आणि त्यांच्यासाठी आत पडद्यांनी भरलेलं नवं नियंत्रण-केंद्र झालं. 1991 च्या आखाती युद्धात ‘मिसुरी’ची टॉमहॉक त्या खोलीतून सुटली, आणि जहाज वळवणारा खलाशी 1944 च्या पोलादी बुरुजातच उभा राहून पितळी चाक फिरवत होता.